मुलांच्या तिरंगा-चित्रांवर अभिप्राय कसा द्यावा: कलाशिक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

ऑगस्टचा पहिला आठवडा आणि जानेवारीचा तिसरा. या दिवसांत शाळेत चित्रकलेच्या तासाला विषय काय असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. फळ्यावर 'माझा तिरंगा' लिहिलं जातं, दप्तरांतून खडूंच्या पेट्या निघतात आणि तासाभरात पन्नास-साठ झेंडे टेबलावर येऊन पडतात. त्यांत चुका असतातच. पण झेंड्यातल्या चुकीला आपण इतर चुकांपेक्षा वेगळं वागवतो. आंब्याला निळी पानं काढली तर सर हसून सोडून देतात. हिरवा पट्टा वर गेला की आवाज चढतो. "एवढंही कळत नाही? झेंड्याचा अपमान आहे हा!" चौथीतल्या मुलाला त्यातून रंगांचा क्रम कळत नाही. आपण काहीतरी भयंकर केलं, एवढंच कळतं. पुढच्या वर्षी ते शेजारच्याचं बघून काढतं.

माझं म्हणणं सरळ आहे. झेंडा कसा असतो ही माहिती आहे आणि ती देणं शिक्षकाचं काम आहे. चित्र मात्र मुलाचं आहे. माहिती मुलं चित्र काढायला बसण्याआधी द्यावी, म्हणजे नंतर बोलताना चित्राबद्दल बोलता येतं.

आधी माहिती, मग कागद

पहिली दहा मिनिटं फळ्यावर द्या. आजचा राष्ट्रध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे. पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध गडद निळ्या रंगाचं चक्र, त्याला २४ आरे.

चक्र किती मोठं, हे बहुतेक मोठ्यांनाही माहीत नसतं. अधिकृत मापांमध्ये ९०० × ६०० मिलिमीटरच्या झेंड्यावर चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर असतो. म्हणजे २०० मिलिमीटरचा पांढरा पट्टा ते जवळजवळ भरून टाकतं. मुलं काढतात ते चक्र बहुतेक वेळा शर्टाच्या बटणाएवढं असतं. हे आधीच सांगून टाका. १८ × १२ सेंटिमीटरचा झेंडा काढायला लावा: प्रत्येक पट्टा ४ सेंटिमीटरचा, चक्र साधारण ३.७ सेंटिमीटरचं. आकडे सुटसुटीत, पट्टीने मोजता येणारे.

चोवीस आऱ्यांची मुलांना भीती वाटते, कारण ती एकेक करून गोल फिरत जातात आणि शेवटी जागा उरते किंवा संपते. पाचवी-सहावीच्या मुलांना असं शिकवा: वर्तुळात आधी अधिकचं चिन्ह, मग फुलीचं. आठ आरे झाले. आता प्रत्येक फटीत दोन-दोन. आठ फटी, सोळा आरे, एकूण चोवीस. मोठ्या मुलांना कोनमापक द्या, दर १५ अंशांवर एक खूण. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्यांना तर कंपासनेच करायला लावा. त्रिज्येएवढ्याच अंतराने परिघावर सहा खुणा, दुभागल्या की बारा, पुन्हा दुभागल्या की चोवीस. भूमितीचा सराव आयताच होतो. पहिली-दुसरीच्या मुलांचे आरे मात्र मोजू नका. त्यांनी निळं वर्तुळ काढून आत रेघा मारल्या तर तेवढं पुरे.

रंगांचंही आधीच सांगावं. केशरी म्हणून मुलं पेटीतला नारिंगी किंवा थेट लाल उचलतात. पोस्टर कलर असतील तर पिवळ्यात थोडा थोडा लाल घालत नेऊन रंग बनवायला शिकवा. हिरव्यासाठी पोपटी नको. जलरंगात पांढरा पट्टा रंगवायचा नाही, कागद कोरा सोडायचा. चक्र सगळ्यात शेवटी, दोन्ही पट्टे पूर्ण वाळल्यावर. ओल्या केशरीचा ओघळ पांढऱ्यात उतरला की मूल रडकुंडीला येतं. तेव्हा ओला कापूस किंवा टिपकागद हाताशी ठेवा.

आणि एक नियम नीट समजावून सांगा: झेंड्यावर अक्षरं लिहायची नाहीत. 'जय हिंद' नाही, 'मेरा भारत महान' नाही, स्वतःचं नाव-इयत्ता-तुकडी तर नाहीच. नाव कागदाच्या मागे किंवा खालच्या कोपऱ्यात.

हा नुसता शाळेचा शिरस्ता नाही. राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ मध्ये झेंड्याच्या व्याख्येत त्याचं चित्र आणि छायाचित्रही येतं, आणि झेंड्यावर काही लिहिणं अनादराच्या यादीत आहे. पण त्याच यादीत केशरी पट्टा खाली करून झेंडा लावण्याबद्दल जे कलम आहे, त्यात 'हेतुपुरस्सर' ही अट आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातून क्रम उलटा झाला, तर त्यात हेतू कुठून आला? कायदा जिथे हेतू बघतो, तिथे शिक्षकाने आवाज चढवायचं कारण नाही.

चित्र हातात घेतल्यावर: हे नेमकं काय आहे?

अभिप्राय देण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. मुलाने झेंडा काढलाय, झेंडा असलेला प्रसंग काढलाय, की तीन रंग घेऊन दुसरंच काही केलंय? प्रत्येक ठिकाणी वेगळं बोलावं लागतं.

झेंडाच काढला असेल, तर मापं आणि क्रम बघणं योग्य. तो अभ्यासच आहे.

प्रसंग असेल, म्हणजे शाळेचं मैदान, ध्वजस्तंभ, रांगेतली मुलं, कोपऱ्यात भजी तळणारा गाडीवाला, तर झेंडा त्या चित्रातला एक घटक आहे. दूरच्या झेंड्यातले आरे मोजणं म्हणजे समोरचं चित्र न बघणं. इथे बघायच्या गोष्टी चित्रकलेच्या आहेत. झेंडा फडकतोय, तर वारा कुठल्या दिशेचा? झाडं आणि मुलींच्या रिबिनी त्याच दिशेला आहेत का? मुलं झेंड्याच्या कडा लाटांसारख्या काढतात आणि आतले पट्टे पट्टीने सरळ ओढतात. हा सुधारायला फार छान मुद्दा आहे, कारण तो डोळ्यांनी पटतो. हातरुमालावर खडूने दोन रेघा ओढा, रुमाल हातात धरून हलवा आणि विचारा, रेघ सरळ राहिली का? आठवी-नववीला त्यापुढे जाता येतं: वळलेल्या भागातलं चक्र गोल दिसत नाही, लंबवर्तुळ होतं, आणि घडीच्या आतला केशरी बाहेरच्यापेक्षा गडद होतो.

लहान मुलांच्या चित्रात झेंडा शाळेच्या इमारतीएवढा आणि मुख्याध्यापक मुंगीएवढे असतात. ते तसंच राहू द्या. त्या वयात महत्त्वाची गोष्ट मोठी काढतात.

तिसरा प्रकार रंगसंगतीचा. केशरी-पांढऱ्या-हिरव्या पंखांचं फुलपाखरू, तीन रंगांची पतंगांची माळ, तिरंगी छत्र्या घेतलेली मुलं. हे तीन रंगांवरचं संकल्पचित्र आहे. "चक्र राहिलं की!" असं इथे म्हणू नये. उलट चक्र न घातल्यामुळे मुलाला हात मोकळा मिळालाय. रंगांचा तोल, रिकामी जागा, आकारांची पुनरावृत्ती, जे इतर संकल्पचित्रांना लावाल तेच इथे लावा.

आणि एक चौथा प्रकार आहे, ज्यात शिक्षकच चुकू शकतात: जुना झेंडा. भिकाजी कामा यांनी १९०७ मध्ये स्टुटगार्टला फडकावलेल्या झेंड्याच्या मधल्या पट्ट्यावर 'वंदे मातरम्' होतं. तो झेंडा पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. सहलीत तो बघून आलेल्या मुलीने तसाच काढला, तर "झेंड्यावर लिहायचं नाही" म्हणून तिला अडवायचं? नागपूरच्या १९२३ च्या झेंडा सत्याग्रहातला झेंडा पांढरा, हिरवा आणि लाल, त्यावर चरखा. केशरी-पांढरा-हिरवा क्रम आला १९३१ मध्ये, तेव्हाही मध्ये चरखाच होता. म्हणजे ९ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर झेंडा फडकावणाऱ्या अरुणा असफ अली यांचं चित्र काढलं आणि झेंड्यात अशोकचक्र आलं, तर ती इतिहासाची चूक आहे. नववी-दहावीच्या मुलांना ही चूक दाखवली की ती चवीने दुरुस्त करतात, कारण यात कुणी त्यांना कमी लेखत नाही, उलट त्यांना एक गुपित कळतं.

बोलायचं कसं

मी चार पायऱ्यांचा क्रम सुचवेन: बघा, जे दिसतं ते सांगा, विचारा, आणि मग एकच सूचना द्या. क्रम मोडला तरी चालेल, पण सूचनेने सुरुवात करू नका.

बघा म्हणजे खरंच थांबून बघा. पन्नास चित्रांत प्रत्येकाला पाच मिनिटं मिळणार नाहीत हे कबूल, पण अर्धं मिनिट मिळू शकतं.

जे दिसतं ते सांगा, म्हणजे 'छान', 'सुंदर', 'शाब्बास' यांच्या पुढे जा. 'छान' ऐकून मूल खूश होतं, पण काय छान आहे हे त्याला कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी ते पुन्हा करता येत नाही. त्याऐवजी: "आजीने झेंड्याला हात जोडलेत आणि तिच्या साडीचा काठ पण हिरवा घेतलास, बघितलं मी." किंवा "स्तंभ मधोमध न काढता बाजूला घेतलास, त्यामुळे गर्दीला जागा झाली."

विचारा, पण परीक्षेसारखं नाही. "हा मुलगा एकटा का उभा आहे?" "इथे सकाळ आहे की दुपार?" कधी कधी उत्तर ऐकून आपलाच अभिप्राय बदलतो. झेंडा अर्ध्यावर आहे म्हणून चूक काढायला जावं, तर मूल सांगतं, "बाई, अजून वर चढतोय तो."

मग एक सूचना. एकच. झेंड्याचा क्रम चुकला असेल आणि चित्रही सुधारायला हवं असेल, तर क्रमाची गोष्ट बाजूला, माहिती म्हणून, हळू आवाजात सांगा. उदाहरणार्थ:

"ओंकार, ढगांमध्ये तू राखाडीच्या तीन छटा वापरल्यास, पावसाळी सकाळ वाटते. एक गोष्ट बघ, फळ्यावरच्या झेंड्यात वर कुठला रंग आहे? हां. आता काय करूया? पट्टी चिकटवायची, की नवीन कागदावर फक्त झेंडा काढून इथे लावायचा?"

दुरुस्तीचा मार्ग मुलाला निवडू द्या. वरून कागद चिकटवणं म्हणजे हार नाही, कोलाज आहे. खडूंचे रंग असतील तर वरचा थर ब्लेडच्या बोथट कडेने खरवडता येतो. ते काम मात्र शिक्षकाने करावं. मूल नको म्हणालं, तर चित्र तसंच घरी जाऊ द्या. फलकावर लावायचं चित्र आणि वहीतलं चित्र यांना एकच नियम लावायची गरज नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. एकच चूक दोन मुलांनी केली, तर अभिप्राय एकच असला पाहिजे. मुलाचं आडनाव बघून हिरव्या पट्ट्याच्या रुंदीत कुणी अर्थ शोधू लागलं, तर ते शिक्षण राहत नाही. चित्रावरून देशप्रेमाची परीक्षा कुणाचीच घेऊ नये. "तुला देशाबद्दल काही वाटतं की नाही?" हा प्रश्न वर्गात एकदा विचारला गेला, की त्या मुलाला तो वर्षभर मधल्या सुट्टीत ऐकावा लागतो.

शेरा कुठे लिहायचा

मुलांना आपण झेंड्यावर लिहू नका म्हणून सांगतो आणि मग स्वतः लाल पेनने त्याच पांढऱ्या पट्ट्यावर 'अ' श्रेणी, सही आणि तारीख टाकतो! कागदभर झेंडा असेल तर कोरी जागा तेवढीच दिसते, हात आपोआप तिकडे जातो. शेरा नेहमी मागच्या बाजूला किंवा वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. शाळेचा गोल शिक्काही तसाच, मागे. खरं तर मुलाच्या कुठल्याच चित्रावर समोरून लिहू नये, पण निदान इथून सुरुवात होऊ शकते.

चिठ्ठीत दोन ओळी पुरतात. पहिली जे जमलं त्याची, नेमकी. दुसरी पुढच्या वेळची. 'घड्यांमुळे झेंडा खरोखर हलतोय असं वाटतं. पुढच्या वेळी सावलीत केशरी थोडा गडद करून बघ.' जिथे 'पण' येतो तिथे वाक्य तोडा. 'छान आहे पण' वाचल्यावर आधीचं 'छान' कुणाच्या लक्षात राहत नाही.

मोठी मुलं, अवघड चित्रं

नववीनंतर काही चित्रं अशी येतात की शिक्षक आधी दार लावून घेतात. तिरंग्याच्या हिरव्या पट्ट्यात भेगाळलेली जमीन आणि शेतकऱ्याचे पाय. फाटका झेंडा शिवणारी बाई. सिग्नलवर झेंडे विकणारा अनवाणी मुलगा, ज्याच्यासाठी १५ ऑगस्ट म्हणजे धंद्याचा दिवस. ही चित्रं देशाविरुद्ध नाहीत. बहुतेक वेळा वर्गातल्या सगळ्यात विचारी मुलाने ती काढलेली असतात, आणि गुळगुळीत झेंड्यांच्या ढिगात तीच लक्षात राहतात.

अशा वेळी आधी विषयाबद्दल बोला. "हे कुठे पाहिलंस?" मग आशय आणि मांडणी वेगळी करा. मुलाचं म्हणणं तसंच ठेवून झेंडा दाखवण्याची पद्धत बदलता येते का, हे त्याच्याबरोबर बसून शोधा. झेंड्यावरच आकृती काढण्याऐवजी झेंडा मागे, पूर्ण, स्वच्छ, आणि माणूस पुढे. दोघांमधलं अंतरच बोलू लागतं. सिग्नलवरच्या मुलाच्या चित्राला तर काहीच बदल लागत नाही. तिथे झेंडा अगदी व्यवस्थित आहे, पाय अनवाणी आहेत. झेंडा फाटलेला, जळालेला किंवा पायाखाली दाखवला असेल, तर मुलाला कायद्यातली तरतूद शांतपणे सांगा आणि चित्र सार्वजनिक ठिकाणी लावण्याआधी मुख्याध्यापक आणि पालकांशी बोला. हे मुलाच्या काळजीपोटी आहे, हे त्याला कळू द्या. वर्गासमोर हा विषय काढू नका, आणि चित्र फाडू तर अजिबात नका.

वाचनाची आवड असलेल्या मुलांना दोन गोष्टी दाखवण्यासारख्या आहेत. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी चित्रकार नंदलाल बोस यांनी केलेली पोस्टर्स: ढोलकीवाले, सुतार, घरकामात गुंतलेल्या बायका. देशाबद्दल बोलायला झेंडा काढावाच लागतो असं नाही, हे त्यातून न सांगता समजतं. दुसरं, अमेरिकी चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी १९५४-५५ मध्ये मेणमिश्रित रंगांत, वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर रंगवलेला आपल्या देशाचा झेंडा. तिथले नियम वेगळे, आपले वेगळे. पण रोज दिसणारी गोष्ट चित्रात आली की आपण ती नव्याने बघतो का, यावर अकरावी-बारावीच्या मुलांशी तासभर गप्पा होऊ शकतात.

स्पर्धा, फलक आणि रांगोळी

स्पर्धा असेल तर परीक्षकांना निकष आधी द्या आणि मुलांनाही तेच वाचून दाखवा. ध्वजाच्या अचूकतेला गुण ठेवायचे असतील तर थोडे ठेवा, नाहीतर पट्टीने काढलेला कोरडा झेंडा जिंकतो आणि भज्यांची गाडी काढणारा मुलगा उत्तेजनार्थमध्येही येत नाही.

फलकावर चित्रं लावताना झेंडा उभा लावायचा झाला, तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. आडव्या कागदाचं चित्र जागा नाही म्हणून उभं फिरवताना हीच चूक होते. झेंड्याच्या पट्ट्यांतून टाचण्या घुसवू नका, कागदाच्या कडेला टेप लावा.

रांगोळीचा प्रश्न दरवर्षी येतो. प्रवेशद्वारात तिरंग्याची मोठी रांगोळी घातली जाते, प्रभातफेरी सुटते आणि दोनशे पाय त्यावरून जातात. झेंडा जमिनीला लागू नये, हे ध्वजसंहितेत स्पष्ट आहे. ज्या मुलींनी पहाटे उठून रांगोळी काढली त्यांना सात वाजता "पुसा" म्हणणं क्रूर आहे. म्हणून आदल्या दिवशीच आराखडा मागा आणि सुचवा: झेंड्याऐवजी तीन रंगांतला मोर, कमळ किंवा ठिपक्यांची नक्षी, जागा वाटेतली नको, मंचाच्या बाजूची, भोवती दोरी. मुली यातून जास्त चांगलं काहीतरी काढतात, कारण तीन आडवे पट्टे भरण्यात रांगोळीची करामत कुठे असते?

भारताचा नकाशा तिरंगी रंगवण्याचा विषय दिलात, तर नकाशा अधिकृत सीमांचाच द्या. बाजारातल्या स्वस्त साच्यांत वरचा भाग कापलेला निघतो, आणि बोलणी मुलाला बसतात.

राहिला प्रश्न दुसऱ्या दिवशीचा. कागदी झेंडे आणि झेंड्यांची चित्रं फलकावरून उतरवून केराच्या डब्यात टाकू नका. नाव घालून ज्याची त्याला परत द्या. बेवारशी उरलेली एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना पट्टे लाटेत कसे वळतात ते दाखवायला उपयोगी पडतात. पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचे असतील तर एक तर सगळ्यांचे टाका, नाहीतर कुणाचेच नको. आणि एखाद्या फोटोखाली कुणी "चक्रात तेवीसच आरे आहेत" असं लिहिलं, तर शिक्षकाने तिथेच उत्तर द्यावं: "मोजलेत, धन्यवाद. दुसरीतल्या मुलीचं चित्र आहे."